दोन शब्द आणि तोंड बंद

आमच्या स्वमग्न मुलाला शिकवायला ज्या बाई घरी येतात, त्या मुलाला कधी रागावत नाहीत. फैलावर घेतात ते आम्हाला. "सूचना एकदाच द्यायची, दोन शब्दांत, आणि मग तोंड बंद! त्याला समजायला वेळ लागतो. तुम्ही मध्येच नवं काही बोललात की त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते."

पटतं हो, पण जमतं कुणाला? परवा बाईंनी त्याच्या हातात रिकामा पेला दिला आणि मला खूण केली.

"पेला ठेव," मी म्हटलं. तो हलेना. मला राहवेना. "ठेव ना राजा, तिकडे, टेबलावर!"

सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "अरे, आई काय सांगतेय? दे बघू ठेवून पटकन!"

तो पेल्याकडे बघत उभाच.

बाईंचं डोकंच फिरलं. "किती वेळा कानीकपाळी ओरडायचं? तो पाऊल उचलतो न उचलतो तोच तुम्ही त्याच्या डोक्यात आणखी चार शब्द कोंबता! मी काय भिंतीशी बोलतेय? जरा गप्प बसलात तर आभाळ कोसळणार आहे?" मग माझ्या नवऱ्याच्या मोबाइलचा विषय निघाला, सासूबाईंच्या मालिकांचा निघाला. बाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला तो सुटलाच.

अखेर त्यांना दम लागला. घरात कुणीच बोलेना.

मुलगा थोडा वेळ थांबला, शांतपणे टेबलापाशी गेला आणि त्यानं पेला ठेवला.

बाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.