द्वारकाअक्काचा माळा

द्वारकाअक्काची पहिली ओळख मला तिच्या पावलांवरून झाली. लग्न होऊन मी जामनेरहून धरणगावला आले, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सासूबाई पंगतीची भांडी परत करायला निघाल्या आणि मलाही सोबत घेतलं. दोन घरं सोडून एका दारातून आत गेलो, तर आत माणूस दिसेना. मधोमध एक शिडी आणि शिडीच्या वरच्या पायरीवर भेगाळलेली दोन पावलं. बाकीची बाई माळ्यात होती. नमस्कार करावा तो कुठे बघून, या विचारात मी उभी राहिले. तेवढ्यात वरून आवाज आला, "नवी वहू ना तू? मोठं तपेलं पहिले दे. त्याना पोटमा बाकीनं बठ्ठं जाई."

पुढे कितीतरी वर्षं मी अक्काशी अशीच मान वर करून बोलले. ती जाऊनही आता बराच काळ लोटला, पण तिची आठवण आली की माझी मान अजून आपोआप वर होते.

आमच्या गल्लीत लग्नकार्याची भांडी सामाईक होती. गल्लीने वर्गणी काढून घेतलेले हंडे, तपेली, पराती, मोठी कढई, झारे, पंगतीच्या पट्ट्या, मांडवाचं छत, चौरंग, समया. वर्षातून चार-दोनदा लागणारा हा पसारा आपल्या घरात घ्यायला कुणीच तयार नव्हतं. सगळ्यांना तो हवा असायचा, पण दुसऱ्याच्या घरी. अक्काचा नवरा कापसाच्या पेढीवर तोलारी होता. कापूस भरायला म्हणून त्याने घराला चांगला मजबूत सागवानी माळा करून घेतला होता. कापूस भरायच्या आधीच तो गेला. मूलबाळ नव्हतं. खाली अक्का एकटी आणि वर रिकामा माळा, तेव्हा गल्लीचा पसारा तिच्याकडे गेला आणि तिथेच राहिला.

तो तिने ठेवला मात्र असा, की बघत राहावं. लहान भांडं मोठ्यात, मध्ये वाळलेला लिंबाचा पाला, वर जुन्या लुगड्याची घडी. श्रावण जवळ आला की कानबाईच्या पूजेचे चौरंग आणि पाट माळ्याच्या तोंडाशी यायचे. तुळशीचं लग्न लागलं की ते मागे सरायचे आणि हंडे-तपेली पुढे. "वस्तूनं तोंड दिसाले पाह्यजे," असं ती म्हणायची. आणि कुणी घाईने विचारलं, की अक्का, अमकं सापडेल ना, तर तिला ते मुळीच खपायचं नाही. "ठेवेल शे, हारपेल नई!" शिडीवर दुसऱ्या कुणाला पाय ठेवू द्यायची नाही.

आमचे हे शाळामास्तर, स्वभावाने थट्टेखोर. एकदा त्यांनी खालून विचारलं, "अक्का, मला कुठे ठेवशील?"

"तुले तुन्या मायनी डोकावर ठेवेल शे. तठेच ऱ्हाय," अक्का म्हणाली. सासूबाई दोन दिवस हसत होत्या.

भांडी मागायला जाणं म्हणजे मात्र अर्ध्या दिवसाचं काम. अक्का उलटतपासणीच घ्यायची. नवरदेव कुठला, त्याला बहिणी किती, मुलीला रंग कुठला शोभेल, पंगतीला गोड काय. हे सगळं सांगितल्याशिवाय एक झारासुद्धा खाली यायचा नाही. मला पहिल्यांदा वाटलं, केवढी ही भोचक बाई! मग एकदा आमच्याच शेजारचं लग्न निघालं. चार दिवस आधीपासून अक्का भांडी उतरवत होती, कुठल्या कढईला कुठली चूल बसेल ते सांगत होती. लग्नाच्या दिवशी ती मांडवात दिसली नाही. वरात तिच्या दारावरून गेली तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं, आणि फटीतून तिच्या पांढऱ्या लुगड्याचा काठ दिसत होता. तिला कुणी येऊ नको म्हटलं नव्हतं. ये असंही कुणी म्हटलं नव्हतं. विधवेने मंगलकार्यात पुढे यायचं नाही, हे तेव्हा सांगावं लागत नसे.

दुसऱ्या दिवशी भांडी परत आली की तिचं लग्न सुरू व्हायचं. एकेक तपेलं नाकाशी नेऊन ती सांगायची, "यामा शिरा व्हयेल शे. तूप कमी पडेल दिखस." मग भांडी आणणाऱ्या बायकांना बसवून घेऊन सगळं ऐकायची. मुलगी सासरी जाताना रडली का, विहीण कशावरून रुसली. बायकाही रंगवून सांगायच्या. मागाहून तिच्याकडे एक ताट जायचं, त्यातल्या वरणावरही तिचं मत असायचं. गल्लीतलं प्रत्येक लग्न असं तिच्या घरी दुसऱ्यांदा लागत असे.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या जरा आधी आमच्या गल्लीतल्या शेठजींनी नवं घर बांधलं. कापसाचे मोठे व्यापारी, मूळचे मारवाडचे, मनाने उदार. घराला मागे दगडी कोठार काढलं होतं. ते एकदा देवळाच्या ओट्यावर म्हणाले, "भांडी आता आमच्याकडे राहू द्या. अक्काचं वय झालं. शिडीवरून पडली तर?" पुरुषमंडळींना ते लगेच पटलं. आमचे मास्तर तर म्हणाले, हे आधीच करायला हवं होतं. सगळ्यांनी अक्काच्या भल्याचाच विचार केला होता, फक्त तिला कुणी विचारलं नव्हतं.

दारात बैलगाडी लागली. अक्काने एकेक वस्तू स्वतःच्या हाताने खाली दिली आणि गाडीवानाला हंडे कसे बांधायचे तेही बजावलं.  गाडी गेल्यावर तिने माळा झाडून घेतला.

त्यानंतरचं पहिलं लग्न गल्लीच्या टोकाला होतं. भांडी शेठजींच्या कोठारातून आली आणि तिथेच गेली. या गडबडीत अक्काकडे ताट पाठवायचं राहून गेलं. संध्याकाळी मला आठवलं तशी वाटीत गोड घेऊन मी तिच्याकडे गेले. ती चक्क खाली, शिडीशी टेकून बसली होती. मला बघून म्हणाली, "वाजा वाजी राहिना ना, कोनं लगीन शे वं वहू?"

 त्या नवऱ्या मुलीला परकराच्या वयापासून अक्काने अंगणात खेळताना पाहिलेलं, आणि तिचं लग्न झालेलं अक्काला ठाऊक नव्हतं. मी नाव सांगितलं. "बरं व्हयनं," ती म्हणाली आणि वाटी हातात धरून बसून राहिली. घरी येऊन सासूबाईंना सांगताना मला रडू फुटलं. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

सकाळी उठून बघते, तर सासूबाई मागच्या खोलीतला पाळणा ओढून काढत होत्या. याच पाळण्यात आमचे मास्तर वाढले. "वहू, धर दुसरीकडून," म्हणाल्या. आम्ही दोघींनी तो भर गल्लीतून अक्काच्या दारात नेला.

"अक्का, घरमा जागाच नई शे. हाऊ पायना वर ठेव."

अक्काने पाळण्याकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं. "तुन्या घरमा जागा नई? काशीबाई, तुन्या मांगनी खोलीमा गाडी फिरी!"

"व्हती जागा. सरी गयी."

समोरच्या ओट्यावरून कुणीतरी बोललंच, की पाळणा कुणी असा विधवेच्या घरी ठेवतं का. सासूबाई तिकडे न बघताच म्हणाल्या, "वाळवी काय हातमधल्या बांगड्या देखीसन लागस का?"  अक्का शिडीवर चढली. पाळणा वर घेताना तिने एकदा त्याच्या दांडीवरून हात फिरवला.

मग गल्लीतल्या घराघरांतली जागा एकाएकी संपू लागली. कुणाची लेकीसाठी शिवून ठेवलेली गादी आली, कुणाच्या घरची बाशिंगं, कुणाची हळदीची परात. प्रत्येक बाई घरात पाय ठेवायला जागा नसल्याचं तोंड करून यायची, आणि अक्का प्रत्येकीला विचारायची, कार्य कधी निघणार, मुलगा बघितला का. कहर केला तो शेठाणीने. डोक्यावरचा पदर सावरत, गड्याच्या खांद्यावर आपल्या लग्नातली पेटी देऊन ती आली आणि गंभीरपणे म्हणाली, "अक्का, म्हारे घर में जगह कोनी." ते दगडी कोठार सगळ्या गावाने पाहिलं होतं. अक्का इतकी हसली, की तिला शिडी धरावी लागली.

पुढच्या वर्षी मला मुलगी झाली. बारशाच्या दिवशी अक्का स्वतः पाळणा घेऊन आली. धुऊन पुसून लख्ख केलेला. तो तिनेच आढ्याला टांगला, दोन्ही हातांनी लोंबकळून दोर पाहिले आणि पदर ओढून घेत दाराकडे वळली. खोलीत बायका मावत नव्हत्या.

"कोठे चालनी अक्का?" सासूबाईंनी हाक मारली. "बाळ झेलाले एक बाई कमी पडी राहिनी."

अक्का थांबली. तिचा चेहरा उतरला होता. "माले नको बलावू, काशीबाई. लेकरू नवं शे. काही कमी-जास्त व्हयनं तर गल्ली नई, मीच माले नाव ठेवसू."

तिला खरोखरच भीती वाटत होती. आयुष्यभर ऐकून ऐकून तिला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं होतं. मी उठले आणि माझी मुलगी तिच्या हातांवर ठेवली. हात मागे घेतला असता तर बाळ पडलं असतं, म्हणून तिने घेतलं. पाळण्याखालून ते पलीकडे द्यायचं होतं. अक्का खाली बसली, पाळण्याखाली वाकली आणि बाळ सासूबाईंच्या हातांत देऊन मोठ्याने श्वास सोडला. 

नाव ठेवलं, आणि बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. अक्काही म्हणू लागली. पण ती सगळ्यांच्या एक शब्द मागे पडत होती. इतकी वर्षं तिने तो बंद दाराआडून, गल्लीपलीकडूनच ऐकला होता. सासूबाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि तिच्याकडे तोंड करून पाळणा पुन्हा पहिल्यापासून धरला, सावकाश.