पुन्हा हरवलेला फोटो

खाली फोटोच्या दुकानात बापलेकीचं वाजलं, तेव्हा वहिनी जिन्यात तांदूळ निवडत होत्या. डोळे मिटता येतात, कान काही मिटता येत नाहीत.

"बाबा, हा प्रोग्राम तुम्ही कुठली फाईल कधी उघडली ते टिपून ठेवतो. विसरलात की त्याला विचारायचं."

"माझ्याच दुकानात माझ्यावर पाळत? चहाडखोर मेला!"

"पाळत कसली? काल फ्रीजमध्ये चष्मा कुणाचा सापडला?"

"त्याला उकडत होतं."

लेक प्रोग्राम बसवून आपल्या घरी गेली. बाबांनी, म्हणजे वहिनींच्या धाकट्या दिरांनी, भाऊजींनी, त्यातलं नोंद पुसायचं बटण तेवढं शिकून घेतलं. रोज संध्याकाळी दुकान झाडलं की मशीनमधली दिवसभराची नोंदही पुसून टाकायची. केर तो केर, म्हणायचे. वर्षं गेली, हाताला वळण पडलं.

मग कोपऱ्यावरच्या मावशी आल्या. डोळे अधू झाल्यापासून त्यांचं शिवणकाम सुटलेलं, आणि एकुलता एक मुलगा अपघातात गेलेला. नोकरीच्या अर्जासाठी त्याने इथेच फोटो काढला होता. घरात दुसरा धड एकही नव्हता.

"दाराएवढा मोठा करून द्या भाऊ, म्हणजे मला दिसेल. डाव्या कानाची पाळी फाटकी आहे बघा त्याची."

पण भाऊजींची तऱ्हाच न्यारी. फाईलला गिऱ्हाइकाचं नाव म्हणून द्यायचे नाहीत. कुणी 'घामट', कुणी 'हसू नको म्हटलं तरी हसला'. पूर्वी सगळं डोक्यात असायचं. आता डोक्याची चाळण झालेली, आणि मशीनमध्ये हजारो तोंडं, सगळ्यांच्या मागे तोच निळा पडदा. ते एकेक कान बघत बसले.

एका संध्याकाळी हाक आली, "वहिनी, सापडला हो पोरगा!" वहिनींनी खाली जाऊन डोळे भरून पाहिला. नेमका मोठा कागद संपलेला. भाऊजी मावशींना सांगून आले, दुकान झाडलं, आणि सवयीने नोंद पुसली.

सकाळी फाईलचं नाव काही केल्या आठवेना.

"वहिनी, काय लिहिलं होतं हो त्याच्याखाली?"

"मी तोंड बघितलं भाऊजी. नाव कशाला वाचू?"

फोनवर लेक रडकुंडीला आली. "आता तरी पुसू नका, बाबा!"

"नाही पुसत गं."

पण संध्याकाळी वहिनी 'हात आवरा' म्हणेपर्यंत बोट पडलेलं असायचं. काल कुठवर आलो होतो तेही त्यातच जायचं, की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. वहिनी स्वतः बसून बघायला गेल्या, तर हात लावताच फोटो सुसाट पळत सुटले. त्या उठल्या.

मावशींकडे मात्र भाऊजी रोज जायचे. "सापडलाय. उद्या आणतो."

"खरं काय ते सांगून टाका त्यांना," वहिनी एकदा म्हणाल्या.

"खोटं कुठे बोलतोय? सापडला होताच ना!"



भाऊजी झोपेतच गेले. त्याच्या आदल्या संध्याकाळीही त्यांनी चपला घातल्या. हल्ली रस्ता चुकायचे म्हणून वहिनी सोबत होत्या. मावशी दारातच बसल्या होत्या.

"आलात, भाऊ?"

"सापडलाय. उद्या आणतो." नेहमीसारखे आत गेले, रिकाम्या भिंतीला वीत लावून जागा मोजली, आणि परत फिरले.