कुलूपबंद घरापुढचा गाळ

कावेरीमातेच्या कृपेने आपण सर्व कुशल असाल. आज सकाळी आमच्या वीथीत, म्हणजे गल्लीत, जे घडले, त्याने मन कडू झाले आहे, म्हणून लिहितो.

नदीला पाणी सुटण्यापूर्वी प्रत्येक घराने आपल्या दारापुढील कालवा उपसावा, ही आमची रीत. कालवा वाहिला तरच टोकाचे तळे भरते आणि विहिरींना पाणी राहते. यंदाही सर्वांनी उपसला. मधले एक घर तेवढे बंद, माणसे परदेशी. तिथला गाळ तसाच राहिला. उलट दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांनी आपलाही त्यावरच लोटला.

आज पाणी आले आणि तिथेच अडले.

मी म्हणालो, "चला, मिळून काढू."

त्या बंद घराच्या शेजारचे सुब्बराव हसले. "अण्णा, आमचा भाग आरशासारखा आहे, पाहा! तुमचे रोजचे पुराण संध्याकाळी सांगा."

तळ्याकाठच्या सावित्रीअक्का रिकामी घागर घेऊन आल्या होत्या. त्यांची विहीर आटली आहे. "माझ्या दारापुढचे मी एकटीने उपसले रे," एवढेच त्या म्हणाल्या.

मी फावडे उचलले, पण या वयात हात चालेनात. सोबत कोणीही वाकले नाही. दुपारपर्यंत पाणी काठ फोडून गटारात गेले.

सर्वांभूती ईश्वर आहे, असे आपण रोज वाचतो. मग तो शेजाऱ्याच्या उंबऱ्याशी संपतो काय?

वाचणाऱ्या प्रत्येकाचे कल्याण असो. सावित्रीअक्कांचे आधी असो.