रत्नाक्कांची तीन मिनिटं

रेवा आणि ईशान,

मागच्या आठवड्यात रेवाने फोनवर मला विचारलं, "आजी, मुक्ताताई सारखं ज्यांचं नाव घेते त्या रत्नाक्का कोण?" मी म्हटलं, "खालच्या मजल्यावर राहायच्या," आणि तुमच्याकडच्या थंडीची चौकशी सुरू केली. फोन ठेवल्यावर माझी मलाच लाज वाटली. रेवा आता अकरावीत गेली आहे, पुढच्या वर्षी विद्यापीठांचे अर्ज भरेल. तेव्हा हे तिला आत्ताच कळलेलं बरं. मराठीत लिहिते आहे, आई वाचून दाखवेल. इंग्रजीत लिहिलं असतं तर मी स्वतःला फार व्यवस्थित लपवलं असतं.

रत्नाक्का फोन उचलल्यावर कधीही हॅलो म्हणायच्या नाहीत. "बोला, लाइन मोकळी आहे," म्हणायच्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी उभा जन्म नोकरी केली होती. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बेंगळुरूचं. घरात मराठीच बोलत, पण तिच्यात कानडी इतकी मुरलेली की त्यांना स्वतःला ते जाणवायचंही नाही. आम्ही पुण्याहून इथे आलो ते तुमच्या आजोबांच्या बोम्मसंद्र्यातल्या नोकरीमुळे, आणि निवृत्तीनंतर व्हाइटफील्डच्या या इमारतीत आलो. मी कॉलेजात इंग्रजी शिकवलेलं, म्हणून रत्नाक्का मला 'मॅडम' म्हणायच्या. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

करोनामुळे शाळा बंद पडल्या त्या वर्षी मुक्ता बारावीत होती. तिचे आईबाबा दुबईत अडकलेले, ती माझ्याकडे. सकाळी लॅपटॉप उघडायचा, कॅमेरा बंद, आवाज बंद, आणि दुपारपर्यंत खोलीचं दारही बंद. आमच्या इमारतीत बारावीची आठ मुलं होती, आठही घरांत हेच चाललेलं. मी ताबडतोब वेळापत्रक आखलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार दुपारी चार वाजता ऑनलाइन इंग्रजी आणि विद्यापीठाच्या अर्जांची तयारी. प्रत्येक मुलासाठी वेगळ्या रंगाची फाइल केली. पहिल्या दिवशी आठजण आले. तिसऱ्या आठवड्यात दोन उरले, त्यातली एक मुक्ता. तिला पळून जायला जागा नव्हती.

बाकीची मुलं कुठे गेली ते मला तिच्याकडूनच कळलं. संध्याकाळी साडेपाच वाजले की रत्नाक्का एकेकाला फोन लावत. साधा फोन, चेहरा दाखवायची भानगड नाही. पूर्वी परगावी लावलेल्या ट्रंक कॉलला तीन मिनिटं मिळत आणि ती संपली की वेळ वाढवायची का, असं ऑपरेटर मध्ये येऊन विचारत असे, तोच नियम त्यांनी मुलांना लावला होता. त्या दिवशी जे शिकलास ते तीन मिनिटांत मला सांग. "हेळु, सांग बघू. आज काय झालं केमिस्ट्रीत?" रत्नाक्कांना केमिस्ट्रीतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. मुलगा घडाघडा पुस्तकातलं बोलू लागला की त्या शांतपणे म्हणत, "गोत्तागलिल्ल रे. मला कळलं नाही. पुन्हा सांग, साधं सांग." मग तो अडखळायचा, आपल्यालाच नीट कळलेलं नाही हे त्याच्या लक्षात यायचं, आणि दुसऱ्या दिवशी तो वाचून यायचा. वेळ संपली की, "तीन मिनिटं झाली. वाढवू का?" मुलं नेहमी वाढवून घेत.

माझ्या मुक्ताला तर त्या रोज वाढवून देत. बंद दाराआडून तिचं हसणं ऐकू यायचं. माझ्या तासाला ही मुलगी हसल्याचं मला आठवत नाही. मी एम.ए. झालेली, तीस वर्षं शिकवलेलं, आणि माझी नात एका टेलिफोन ऑपरेटरला फोटोसिंथेसिस समजावत बसली होती! हे वाक्य तेव्हा अगदी असंच माझ्या मनात आलं होतं. म्हणून तसंच लिहिते.

मुक्ताला पर्यावरणाचा अभ्यास करायचा होता. परदेशातल्या एका विद्यापीठावर तिचा जीव जडला होता. त्यांना स्वतःबद्दलचा निबंध हवा होता. तिने आमच्या जवळच्या तळ्यावर सांडपाण्यामुळे येणाऱ्या फेसाबद्दल लिहिलं. मी ते सुधारलं. पुन्हा सुधारलं. चौथ्या खेपेला त्यात तिचं फारसं काही उरलं नव्हतं, पण निबंध देखणा झाला होता. शहराच्या विवेकावर साचलेला शुभ्र विस्मृतीचा थर, असं मी त्या फेसाला म्हटलं होतं. मी खूश होते.

मुक्ताने तो रत्नाक्कांना फोनवर वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी त्या मला लिफ्टजवळ भेटल्या, मास्क लावून, सहा फूट लांब.

"मॅडम, इंग्लिश फस्ट क्लास आहे हं. पण स्वल्प जास्ती झालं. हे पोरगी बोलत नाही, तुम्ही बोलताय."

"विद्यापीठाला काय लागतं ते मला ठाऊक आहे, रत्नाक्का."

"सरी, सरी, बरं. तुम्ही शिकलेल्या. मला आपलं ऐकायचं तेवढं कळतं."

मी वर आले ती धुमसतच. आणि मग मी जे केलं ते तुमच्या आजीने केलं आहे, हे लक्षात ठेवा. विद्यापीठाची मुलाखत होऊन उत्तर येईपर्यंत मुक्ताला फोन करू नका, तिचं लक्ष विचलित होतं, असं मी रत्नाक्कांना कळवलं. मुक्ताला सांगितलं की रत्नाक्कांना ताप आहे, त्यांना त्रास देऊ नकोस. ते दिवसच असे होते की ताप म्हटल्यावर कुणी पुढे काही विचारत नसे. मुक्ता घाबरली. तीन दिवस ती नीट जेवली नाही, तरी मी गप्प राहिले.

मुलाखत संगणकावरच झाली. दार थोडं उघडं होतं. पलीकडच्या बाईंनी गोड आवाजात विचारलं, "हे विस्मृतीच्या थराचं वाक्य मला आवडलं. तुला त्यातून काय म्हणायचं होतं?" मुक्ताने तेच वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं. ते वाक्य तिचं नव्हतंच. बाईंनी प्रश्न बदलला, पण ती पुन्हा सावरली नाही. पंधरवड्याने नकार आला. मुक्ता मला एका शब्दाने बोलली नाही. एवढंच म्हणाली, "अक्कांना बरं असतं, तर आधी एकदा त्यांना सांगून बघितलं असतं."

त्या दुपारी मी रत्नाक्कांना फोन लावला.

"बोला, लाइन मोकळी आहे."

मी मुद्देसूद सुरुवात केली. परिस्थिती, माझा हेतू, तेव्हाचा ताण. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गोत्तागलिल्ल, मॅडम. साधं सांगा."

मग माझ्या तोंडून निघालं, "ती तुमच्याशी हसते. माझ्याशी हसत नाही. मला ते बघवलं नाही. तुम्ही आजारी आहात असं मी तिला खोटं सांगितलं."



"आता स्पष्ट आलं," त्या म्हणाल्या. "काय आजार दिलात मला?"

"ताप."

"नुसता ताप? एवढ्या शिकलेल्या तुम्ही, जरा भारी काहीतरी द्यायचं होतं!" मी हसू की रडू ते मला कळेना. मग त्यांचा आवाज बदलला. "पण पोरीला मी नाही सांगणार. ते तुम्हीच सांगायचं."

मी सांगितलं. मुक्ता उठून खोलीत गेली आणि दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. त्याच संध्याकाळी साडेपाचला मात्र तिने स्वतःहून खाली फोन लावला, आणि या वेळी दार बंद केलं नाही. दोन विद्यापीठांचे अर्ज अजून बाकी होते. ती अक्कांना सांगत होती: शाळा सुरू होती तेव्हा बसमधून येताना तळ्याचा फेस वाऱ्याने उडून आत आला, मैत्रिणीच्या दप्तरावर बसला, तिने तो हाताने पुसला आणि तिच्या हाताला खाज सुटली. "ती का सुटली, ते मला कुणीच सांगेना, अक्का." तिने तेच लिहिलं. मी फक्त स्वल्पविराम दिले, तेही तिने मागितले तेव्हा. त्यातल्या एका विद्यापीठाने तिला घेतलं. तिथेच ती आता पाण्यावर काम करते.

त्या आठ मुलांपैकी बरीचशी सुट्टीत आली की आधी तळमजल्यावर जात आणि मग, वेळ उरला तर, माझ्याकडे येत. मी त्यांना लाडू देत असे. रत्नाक्का त्यांना काहीच देत नसत, उलट कामाला लावत.

रत्नाक्का गेल्या त्याला वर्ष होत आलं. देवनहळ्ळीला भाचीकडे गेल्या होत्या, तिथेच झोपेत गेल्या. मुक्ताने तिकडून फोन केला आणि खूप रडली. "आजी, आता मी कुणाला सांगू?" म्हणाली. मला राग आला. मी होते ना इकडे, फोन कानाला लावून! रत्नाक्का गेल्या त्या दिवशीसुद्धा मी त्यांचा मत्सर केला. हा प्रश्न तिने मलाच विचारला होता, हे माझ्या ध्यानात यायला दोन दिवस लागले.

मग मी तिला फोन करून म्हटलं, मला सांग. तेव्हापासून ती दर रविवारी सांगते, पाण्याचं, तिथल्या लोकांचं, तिच्या चुकांचं. रत्नाक्कांसारखं ऐकणं मला जमत नाही, मी मध्येच एखादा शब्द सुधारतेच. मत्सर अजून आहे, आणि मुक्ताचा रविवारचा फोनही अजून येतो.