कोळशाचा वानोळा

१२ जानेवारी. खामगावच्या दवाखान्यात आत माझ्या मुलीला तपासत होते आणि बाहेर बाकावर बसून मी तीळ निवडत होते. संक्रांत दोन दिवसांवर होती आणि नुसतं बसून राहणं मला जमत नाही. तेवढ्यात डॉक्टरांनी आत बोलावलं.

"सकाळी हिचं डोकं फार दुखतं, उलटी होते, दुपारपर्यंत उतरतं. असंच ना?"

मी हो म्हटलं.

"घरात कोळसा जाळता का?"

"हो. हिच्यासाठीच."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. "बाई, हा कार्बन मोनॉक्साइड आहे. म्हणजे कोळशाचा विषारी वायू. त्याला वास नाही, रंग नाही. आणखी एक रात्र गेली असती तर पोरगी उठली नसती."

तिळाचं सूप माझ्या हातातच होतं. ते कुठे ठेवावं हे मला कळेना.

कुसुम माझी थोरली मुलगी. महाराष्ट्र झाला त्या वर्षी तिला चांद्याकडे दिली. घर शेतकऱ्याचं, विहीर बारमाही. पौषात तिच्या घरून आमच्याकडे जानेफळला तुरीचा वानोळा, म्हणजे नव्या पिकाची भेट, यायचा. पुढे तिथे कोळशाची उघडी खाण आली. उघडी खाण म्हणजे बोगदा नाही. वरची माती काढून टाकतात आणि खड्डा वाढवत नेतात. त्यात त्यांचं वावर गेलं, विहीर आटली. जावयाला खाणीत काम मिळालं. गाव उठलं, कोणी कुठे कोणी कुठे गेलं. कुसुमच्या बाळंतपणाला ओळखीची एक बाई मिळाली नाही. दुपारी सुरुंग उडाला की कणकेवर झाकण ठेवायचं, असं ती पत्रात लिहायची.

यंदा ती तीन महिन्यांचा खोकला घेऊन आली आणि सोबत कोळशाचं पोतं. "आता आमच्या वावरात हेच पिकते," म्हणाली. हसता हसता खोकल्याची उबळ आली.

शेजारच्या गंगूबाईंनी पोत्यात डोकावून पाहिलं. "लोकाइच्या घरी तुरी येतात बाई, तुमच्या घरी आगगाडीचं खाणं आलं." मग कुसुमच्या मांडीवर जाऊन बसलेला स्वतःचा नातू हळूच उचलून घेतला.

सगळ्यांच्या मनात क्षय होता. माझ्याही. मी कुसुमची ताट-वाटी वेगळ्या फळीवर ठेवली.

"आई, माह्यं ताट येगळं काऊन?"

मी त्या ताटात भाकर वाढली.

थंडी कडक होती. मधल्या खोलीची खिडकी पोतं कोंबून मी बंद केली आणि शेगडी पेटवली. कुसुमनं बजावलं होतं, "धूर पुरा गेल्याबिगर आत नको आणू." त्यांच्याकडे अंगणात पेटवून, धूर संपला की आत नेतात. मीही तसंच केलं. पण खाणीने दिलेल्या त्यांच्या क्वार्टरच्या पत्र्याखाली वीतभर फट आहे. माझ्या मातीच्या घरात सुईएवढी नव्हती. मी तिला ऊब देत होते. आणि खोकला लागू नये म्हणून स्वतः ओसरीत निजत होते, त्यामुळे मला काहीच झालं नाही.

तीन सकाळी तिचं डोकं दुखलं. मला वाटलं, दुखणं वाढतंय. मी आणखी कोळसे घातले. चौथ्या सकाळी हाका मारल्या तर उठेना. गालावर पाणी मारलं तेव्हा डोळे उघडले, पण पाय लटपटत होते. तशीच एसटीत घालून अमडापूरवरून खामगाव गाठलं.

दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला, म्हणजे नळीने प्राणवायू. छातीचा एक्स-रे काढला. तीन दिवस सकाळचा बेडका तपासायला दिला. संक्रांत त्या बाकावरच गेली. निकालाची वाट पाहताना मी इतकी घाबरले होते की निवडलेले तीळ पुन्हा निवडले.

क्षय निघाला नाही. निघाला ब्रॉन्कायटिस, म्हणजे श्वासनळ्यांची सूज. "धूळ आणि धूर," डॉक्टर म्हणाले. "तिथून लांब ठेवा."

जावई आले होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "मामी, कुठी नेऊ हिले? वावर तं खड्ड्यात गेलं."

"पावसाळ्यापर्यंत माह्याजवळ राहू द्या," मी म्हटलं. त्यापुढचं मला माहीत नव्हतं, अजूनही नाही.

खाणीकडचं माणूस तुमच्या घरी आलं तर खोकला तपासून घ्या, आधीच भिऊन बसू नका. आणि धूर दिसत नाही म्हणून बंद खोलीत कोळसा ठेवू नका. त्या डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला म्हणून माझी मुलगी आज आहे.

आम्ही संध्याकाळी घरी पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीतलं पोतं उपसून काढलं. उरलेला कोळसा लोहाराला दिला. त्याची भट्टी उघड्यावर असते. मग कुसुमचं ताट फळीवरून उतरवलं, त्यात भाकर कुस्करली, वर वरण ओतलं आणि तिच्यासमोर बसून पहिला घास मी घेतला.