साळोखेकाकांची गोलकीपर

साळोखेकाका फुटबॉलची मॅच बघताना बॉलकडे बघत नसत. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ख्राइस्टचर्चच्या एका मैदानावर आमच्या क्लबची निवड चाचणी चालली होती. सगळी माणसं उजवीकडच्या गोलपाशी ओरडत होती, आणि कानटोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ घडीच्या खुर्चीत बसून डावीकडे, जिथे काहीच घडत नव्हतं तिथे, टक लावून बघत होते. मधूनच "सरक की बाई, सरक" असं पुटपुटत होते. म्हणून माणूस आपल्याकडचा हे कळलं.

"काका, मॅच इकडे चाललीये," मी म्हटलं.

"इकडं बॉल हाय," मान न वळवता ते म्हणाले. "मॅच तिकडं चाललीया. पुण्याची काय गं तू?"

तेव्हापासून मी त्यांची 'पुणेकर' झाले.

ते कोल्हापूरचे. तिथे पेठापेठांच्या तालमींचे फुटबॉल संघ असतात आणि त्यापायी अख्खं शहर वेडं होतं. काका अशाच एका तालमीच्या संघाचे गोलकीपर होते, आणि पुढे बरीच वर्षं त्या संघाची निवड करणारे. उजव्या हाताची दोन बोटं बॉल अडवताना मोडून वाकडी बसली होती. मुलगी वैशाली इथे इंजिनिअर, तिच्याकडे मुक्कामाला आले होते. लेक आणि जावई कामावर गेले की हे चालत मैदानावर. वाटेत भेटेल त्याला जोरात "किया ओरा" असा इथल्या मूळ रहिवाशांचा नमस्कार घालत. "हे तर आमचंच हाय की," मला म्हणाले, "काय ओ राव!"

मी त्या क्लबच्या महिला संघासाठी आकडे बघायचं काम करते. दरवर्षी उन्हाळा संपता संपता सतरा-अठरा वर्षांच्या मुली चाचणीला येतात, आणि आमचा क्लब आणि ऑकलंडचा एक क्लब आळीपाळीने एकेक नाव उचलतात. कुणाला आधी उचलायचं यावर सगळं अवलंबून. पहिलं नाव चुकलं तर वर्षभर बोलणी खावी लागतात. माझ्याकडे गोल, पास, वेग, सगळ्यांचे तक्ते होते. त्या दिवशी काकांनी मात्र मेरे नावाच्या एका बचावपटूकडे बोट दाखवलं. माझ्या यादीत ती शेवटून तिसरी होती.

"तिनं केलंय काय?" मी विचारलं.

"शेजारची पोरगी चुकणार हे तिला आधी कळतंय. चुकायच्या आधीच ती मागं जाऊन उभी राहत्या. तुझ्या तक्त्यात त्याचा रकाना हाय का?"

नव्हतं. मी घरी जाऊन चित्रफीत चार वेळा पाहिली. अकरा वेळा मेरे आधीच तिथे पोचली होती, आणि अकराही वेळा बॉल तिकडे आलाच नव्हता, म्हणून ते कुठेच नोंदलं गेलं नव्हतं. आमची प्रशिक्षक जॉय हिला मी ते दाखवलं. सगळ्यात शेवटचं नाव म्हणून आम्ही मेरेला उचललं आणि हंगाम संपेपर्यंत तिच्यावाचून संघ उभा राहीना. पुढच्या चाचणीला जॉयने स्वतः काकांची खुर्ची उचलून मैदानाच्या मध्यरेषेपाशी ठेवली.

त्या वर्षी आम्ही काकांच्या शब्दावर पहिलं नाव उचललं: हॅना, पलीकडच्या किनाऱ्यावरच्या ग्रेमाउथची गोलकीपर. आणि ती पडली. पहिल्या मॅचला चार गोल खाल्ले, तिसऱ्या मॅचला पाच. हातात आलेले बॉल सुटायला लागले. दोन महिन्यांत ती बॅग भरून घरी निघून गेली. पहिलं नाव वाया! जॉय काकांना काही बोलली नाही, पण मला म्हणाली, "म्हाताऱ्याचा एक अंदाज लागला होता, इतकंच."

मी ते काकांच्या कानावर घातलं. वाटलं, रागावतील. त्यांनी विचारलं, "पोरगी राहत कुठं होती?"

मला माहीत नव्हतं. जॉयला विचारलं, तिलाही नाही. क्लबात तिघाचौघांना विचारल्यावर कळलं, ती शहराच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत एकटी राहायची, पहाटे सुपरमार्केटात माल लावायला जायची आणि दोन बस बदलून सरावाला यायची. घर सोडून राहण्याची तिची पहिलीच वेळ. मी तिची प्रत्येक उडी मोजली होती. ती जेवते का, हे मी विचारलं नव्हतं.

काकांनी हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पुणेकर, निवडताना आपण चुकलो न्हाई. निवडून झाल्यावर चुकलो. रविवारी गाडी काढशील?"

डोंगर ओलांडून चार तासांचा रस्ता. वैशालीने बांधून दिलेली भाकरी आणि ठेचा घाटमाथ्यावर गाडीतच खाल्ला, बाहेर वारा उभं राहू देत नव्हता. तिथे काकांनी मला त्यांच्या तालमीतल्या एका गोलकीपरबद्दल सांगितलं. काकांनीच निवडलेला. एका फायनलला त्याच्या पायांतून गोल गेला, आणि दुसऱ्या दिवशी काकांनीच त्याचं नाव यादीतून काढलं. त्याने पुन्हा बॉलला हात लावला नाही. "त्याच्या दारावरनं मी रोज सायकलनं जात हुतो," काका म्हणाले. "सतरा वर्षं. दार उघडं असायचं. एकदाबी उतरलो न्हाई."

हॅनाचं घर नदीजवळ होतं. दार तिनेच उघडलं, आणि आम्हाला बघून तिचा चेहरा पडला. काकांनी कानटोपी काढून हातात घेतली. त्यांना इंग्रजी तोडकंमोडकंच यायचं, म्हणून त्यांनी मला पुढे केलं.

"तिला सांग, परत चल म्हणायला आलो न्हाई. तिला बोलावलं मी, आणि तिच्याकडं बघितलं न्हाई. ती माझी चूक. माफी मागायला आलोय."

मी सांगितलं. हॅना माझ्याकडे न बघता त्यांच्याकडेच बघत राहिली. मग तिची आई बाहेर आली, चहा झाला, आणि चहानंतर सत्तरी ओलांडलेला तो माणूस परसातल्या ओल्या गवतावर उभा राहून तिच्याकडे बॉल फेकायला लागला. हळू, मग जरा जोरात. आधी दोन सुटले. मग एकही सुटेना. तासभर दोघं एका शब्दाविना खेळत होती. मी खिडकीतून बघत होते, आणि मला कळलं की माणूस निवडणं म्हणजे काय हे मी आजवर पाहिलंच नव्हतं.

हॅना आमच्याकडे परत आली नाही. पुढच्या वर्षी तिने पुन्हा चाचणी दिली, आणि ऑकलंडच्या क्लबने तिला उचललं. तिच्या एका मावशीच्या घरी राहण्याची सोयही त्यांनी लावून दिली. त्या हंगामात ते आमच्याविरुद्ध इथे खेळायला आले. शेवटच्या मिनिटांत बरोबरी असताना आम्हाला पेनल्टी मिळाली, आणि हॅनाने डावीकडे झेप घेऊन ती अडवली. सगळं मैदान हळहळलं. आमच्या बाकावर एकटे काका उभे राहून टाळ्या वाजवत होते.

"ती आपली नाही आता," जॉय चिडून म्हणाली. मी भाषांतर केलं.

"खेळतीया न्हवं?" काका म्हणाले. "कुणाकडनं, ते कशाला बघायचं?"

मॅच संपल्यावर हॅना आपल्या संघाला सोडून धावत आमच्याकडे आली आणि चिखलाच्या हातमोज्यांनीच तिने काकांना मिठी मारली. काकांचे डोळे भरले होते. "लई वाकडी उडी मारलीस," ते तिला मराठीतच म्हणाले, आणि ती "येस, येस" म्हणत हसत होती.

त्यानंतरच्या हिवाळ्यात काका कोल्हापूरला परत गेले. गेल्या महिन्यात वैशालीचा फोन आला, झोपेतच गेले म्हणून. मी जॉयला सांगितलं, मेरेला सांगितलं. मग हॅनाला फोन लावला.

"अख्ख्या क्लबातून माझ्या घरी आलेले ते एकटेच," ती म्हणाली.

त्या दिवशी तिच्या दारात मीही उभी होते. पण मी तिला त्याची आठवण करून दिली नाही. तिचं बरोबर होतं. मी काकांना सोडायला गेले होते.