न धुतलेला पंप

त्या रविवारी मी जोतिबाच्या डोंगराला निघालो तो पाया पडायला नव्हे, देवाशी भांडायला. कसबा बावड्यातल्या घरातून गाडी बाहेर काढताना बायको म्हणाली, "एवढ्या रागात देवाकडं जाऊ नये." तिच्यावरही ओरडलो. पीकसल्ला देणं हा माझा धंदा. गेली कित्येक वर्षं गावोगाव फिरून तो करतोय आणि रविवारची जोतिबाची वारी शक्यतो चुकवलेली नाही. तरी भर लोकांत खोटं पडायची वेळ माझ्यावरच का यावी, याचा मला जाब हवा होता. देव आहे की नाही हा प्रश्न मला कधी पडला नाही. तो माझं ऐकतो का, याबद्दल मात्र त्या दिवशी मनात पक्का संशय होता.

राग माझ्या नाकावरच असतो, आणि या धंद्यात त्याला खाद्यही भरपूर. औषध मारून झाल्यावर लोक विचारतात, काय मारू? मक्याच्या पोंग्यात अळी शिरून घर करून बसली की मग फोटो पाठवतात, तोही हललेला. शेजाऱ्याचं रान हिरवंगार दिसतं म्हणून सोयाबीनला युरियाचा मारा करतात. आमच्याकडं उसाची सवय लागलेली. एकदा लावला की माणूस बांधाकडं फिरकत नाही. मका आणि सोयाबीन असले लाड चालू देत नाहीत, चार दिवसांआड जाऊन बघावंच लागतं. त्यातून दोघांच्या जाती वेगळ्या. मका गवताच्या कुळातला, सोयाबीन रुंद पानाचं. जे तणनाशक मक्याला काही करत नाही, ते सोयाबीनची मान पिळून टाकतं. म्हणून प्रत्येक बैठकीत मी घसा कोरडा करून सांगतो, की मक्यावर वापरलेला पंप सोयाबीनला लावायचा तर आधी धुण्याच्या सोड्यानं तीनदा धुवा. लोक माना डोलावतात आणि घरी जाऊन विसरतात.

गडमुडशिंगीच्या आक्काताई मात्र विसरणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांचा नवरा पुण्याला कंपनीत. वाटणीचं रान तोवर थोरले दीर कसत आले होते, त्यांना सगळे आबा म्हणतात. त्या साली आक्कांनी हट्ट धरला की माझ्या वाट्याचं रान मीच करणार, ऊस नको, सोयाबीन आणि कडेच्या पट्टीत मका. घरानं एका सालाची मुभा दिली. आबांनी बजावलं होतं, पीक फसलं तर रान मोडून दीड वर्षाचा आडसाली ऊस लावायचा. आणि ऊस एकदा शिरला की मागं त्याच खोडांना फुटलेला खोडवा येतो, त्यामागं आणखी खोडवा. मग बाईला तिच्या रानात कोण विचारतंय? आक्का प्रत्येक गोष्ट वहीत लिहून घ्यायच्या, दोनदा विचारायच्या. तणनाशक मारायच्या दिवशी त्यांच्या पंपाची बॅटरी बसली, तेव्हा मी माझा पंप दिला. दिला काय, पहिली टाकी माझ्याच हातानं भरून दिली. आमच्या भागात सल्लागाराच्या हातची पहिली टाकी लोकांना शुभ वाटते.

आठवड्याभरात सोयाबीन वाकडं झालं. देठ पिळवटलेले, पानं चुरगाळलेली. शनिवारी सकाळी मी बांधावर उभा राहिलो आणि माझं डोकं फिरलं. आक्कांच्या बांधावरच्या छपरात मक्याच्या तणनाशकाची बाटली होती, मला तेवढं पुरलं. बाईनं बाटली बदलली, मक्याचं औषध सोयाबीनवर मारलं. शेंडा मोडून बघावा, आतून जिवंत आहे का ते पाहावं, हे मी पोराटोरांना शिकवतो. त्या दिवशी रानात पाऊलसुद्धा टाकलं नाही. दूध संस्थेपुढं माणसं गोळा झाली होती, तिथं मी मोठ्यानं सांगितलं, "चुकीची बाटली मारली की असंच होणार. पीक गेलं आता, मोडून टाका."

आक्का म्हणाल्या, "साहेब, मला वाचता येतंय. बाटली वाचूनच घेतलीया."

"मग माझं औषध खोटं का?" मी ओरडलो. कुणीतरी हसलं. आबा शांतपणे म्हणाले, "जाऊ द्या साहेब, सोमवारी सकाळी ट्रॅक्टर घालतो." मी परत जाऊन छपरातला माझा पंप उचलला, कॅरिअरला आवळला आणि निघालो. घरी आल्यावर तो सोडायचंही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी तसाच पंप घेऊन डोंगराला निघालो, आणि वाटभर देवाला म्हणत होतो, खरं काय ते एकदा सगळ्यांना दाखव. त्या बाईची चूक तिच्या पदरात घाल.

केर्लीच्या पुढं घाटाला लागलो आणि मागून हॉर्नवर हॉर्न. मला वाटलं कुणी माजोरी पुढं जायला बघतोय, म्हणून मुद्दाम मधूनच चालवली. शेवटी एक छोटा टेम्पो आडवा आला. त्यातून साठीचा माणूस उतरला. पांढरी दाढी, डोक्यावर विणलेली टोपी. टेम्पोत जुन्या शेगड्या, कुकर, फवारणीचे पंप. गावोगाव फिरून दुरुस्त्या करणारा असावा.

"पावणं, थांबा की! कवाधरनं हाळी मारतोय. पंप पडला तुमचा."

त्यानं माझा पंप टेम्पोत घालून आणला होता. टाकी फुटलीय का बघायला झाकण उघडलं, नळी नाकाला लावली आणि म्हणाला, "टाकी शाबूत हाय. पर मक्यावर टू-फोर-डीचं तणनाशक मारलंय न्हवं ह्यातनं?"

"तुम्हाला काय करायचंय?" मी खेकसलो. औषधांत राहून माझं नाक कधीच मेलंय, मला कसलाच वास येत नव्हता.

त्याला राग आला नाही. "सोयाबीनला लावू नगासा म्हून सांगतोय. पाण्यानं जात न्हाय ह्ये, नळीत मुरून बसतंय. माझ्या भाच्याची भेंडी अशीच वाकडी झालती. उपटाय निघालता गडी, मीच थांबिवला. शेंडा हिरवा हुता. पंधरा-वीस दिसांत सरळ झाली की." स्वतःजवळच्या दोरीनं त्यानं पंप घट्ट बांधून दिला आणि टेम्पो वळवून निघूनही गेला. मी नाव विचारलं नाही, आभारही मानले नाहीत.

मी रस्त्याच्या कडेला बसलो. आक्कांना पंप दिला त्या दिवशी सकाळी मी दुसऱ्याच्या मक्यावर फवारणी करून दाखवली होती. मग जोराची सर आली, मी घाईत दोनदा नुसतं पाणी फिरवलं आणि तोच पंप घेऊन आक्कांच्या रानात गेलो. सोडा गाडीच्या डिकीत होता. इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. देवावर आला. म्हटलं, मी तुझ्याकडं येत होतो, वर तरी येऊ द्यायचं होतंस! अर्ध्या घाटात कसं सांगितलंस हे? माथ्यावरून चांगभलंचा गजर ऐकू येत होता. वर गेलो असतो तर नारळ फोडून, गुलाल लावून, हलका होऊन घरी आलो असतो. हे मला नक्की माहीत होतं, आणि त्याची मला भीती वाटली. मी गाडी वळवली.

गडमुडशिंगीत आधी रानात शिरलो. शेंडा मोडला. आत कोवळं, पोपटी, जिवंत. चार ठिकाणी मोडला, चारही ठिकाणी तसाच. मी सरीत उकिडवा बसून रडलो, आणि रडतानाही स्वतःला शिव्याच देत होतो. संध्याकाळी दूध घालायला लोक जमले, तेव्हा संस्थेपुढं जाऊन म्हणालो, "आक्का, बाटली बरोबर होती. पंप माझा होता, मी धुतला नव्हता."

आक्का चरवी हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ती खाली ठेवली. "काल जेवढ्या मोठ्यानं बोललासा, तेवढ्या मोठ्यानं बोला. मागच्या लोकास्नी ऐकू गेलं न्हाय."

मी परत बोललो. कालच्याएवढ्याच आवाजात, शब्द न् शब्द. मधेच थांबलो, तर त्या म्हणाल्या, "पुरं करा." मी पुरं केलं.

आबा म्हणाले, "काल येक सांगतासा, आज येक. पीक न्हाई आलं तर?"

येईलच, असं सांगायला जीभ शिवशिवत होती. पण म्हणालो, "येईल असं मी छातीठोक सांगू शकत नाही. शेंडा जिवंत आहे, एवढंच खरं आहे. तो तुम्ही मोडून बघा." आबा खरंच गेले आणि मोडून बघून आले. आक्का त्यांना म्हणाल्या, "ट्रॅक्टर आला तर मी सरीत बसतो. मग घाला काय घालायचं त्ये."

ट्रॅक्टर आला नाही. सोयाबीन सावरलं. ओढ्याकडचा पट्टा खुरटाच राहिला, पण शेंगा लागल्या आणि रान आक्कांच्याच हातात राहिलं. टेम्पोवाल्याला मी पुढं बाजारांतून पुष्कळ शोधलं, सापडला नाही. तो कोण होता यावर मी कुणाशी वाद घालत नाही. माझ्या मागं तो होता आणि त्यानं हॉर्न वाजवायचा सोडला नाही, एवढ्यासाठीच मी रोज हात जोडतो.

शरण जाणं म्हणजे पायरीवर डोकं टेकणं, असं मला वाटायचं. ते मला नेहमीच जमत आलं होतं, कारण दगडाची पायरी उलटून काही विचारत नाही. परवा आक्का बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "साहेब, औंदा दुसऱ्यास्नी इचारलं. तुमचा राग अजून गेला न्हाय माझ्या मनातनं." माझ्या तोंडावर एवढं खरं आजवर कुणी बोललं नव्हतं. मी म्हणालो, "बरं केलंसा, आक्का," आणि भर बाजारात त्यांना वाकून नमस्कार केला. त्यांनी तो घेतला नाही, तशाच पुढं निघून गेल्या. मी मात्र पाठमोऱ्या आक्का गर्दीत दिसेनाशा होईपर्यंत हात जोडून उभा होतो.